कॅन्सर गेला, धास्ती राहिली : तिचे काय करावे?



या पानावर आपण दर अंकात लागण, बेणे, खतांची मात्रा, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या अंकात विषय निराळा घेतला आहे. ऊस विकास अधिकाऱ्याने माणसाच्या आजारावर का लिहावे, असे काहींना वाटेल. त्याचे कारण असे की, ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही गावोगाव फिरतो, बांधावर आणि ओट्यावर बसतो, तेव्हा उसाच्या आधी घरची गोष्ट निघते. गेल्या काही वर्षांत साठी-सत्तरीच्या सभासदांकडून एक गोष्ट वारंवार कानावर येते. प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता, उपचार पुरे झाले, डॉक्टरांनी "आता ठीक आहे" म्हणून सांगितले. पण मन ठिकाणावर नाही. "पुन्हा उलटला तर?" हा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

एका सभासदांनी तर आडसाली लागणीची नोंद द्यायलाच नकार दिला. सऱ्या सोडलेल्या, बेणे ठरलेले, विहिरीला पाणी. म्हणाले, "साहेब, अठरा महिन्यांचं पीक. तोडणीला मी असंन का नसंन, कुणी सांगावं? राहू द्या रान मोकळं." दुसऱ्या एका गावात याच्या अगदी उलट प्रकार. तिथल्या गृहस्थांनी उपचार संपल्यावर दीड वर्ष तपासणीच केली नाही. "तपासलं की कायतरी निघतंय. न तपासल्यालं बरं," हे त्यांचे उत्तर. दोघांचा आजार एक आणि भीतीही एकच. एकाचे रान पडून राहिले, दुसऱ्याची तपासणी पडून राहिली. आजाराने अजून काहीच बिघडवलेले नव्हते; हे सगळे नुकसान धास्तीने केले.

औषधोपचाराचा सल्ला देण्याचा अधिकार आमचा नाही. तो आपल्या डॉक्टरांचा. तपासणीचा आकडा कसा समजून घ्यावा आणि धास्ती कशी सांभाळावी, एवढाच या पाठाचा विषय आहे. मुख्य सांगणे पहिल्यांदाच सांगून टाकतो. ही धास्ती मुळासकट उपटून निघत नाही, पण तिला तारीख लावून देता येते. तारखेच्या दिवशी तिचे काम तिने करावे. बाकीच्या दिवशी आपले काम आपण करावे.

(१) ग्रंथी कोणती, उपचार कोणते

प्रोस्टेट किंवा पुरस्थ ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती ती बसलेली असते. तरुणपणी ती साधारण अक्रोडाएवढी असते आणि वय वाढेल तशी बहुतेकांची थोडीफार वाढते. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. कॅन्सर हा वेगळा आजार आहे आणि तो बहुतांशी साठीच्या पुढे आढळतो. इतर अनेक कॅन्सरच्या मानाने तो पुष्कळदा सावकाश वाढतो, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी गोष्ट आहे.

उपचार मुख्यतः तीन प्रकारचे. एक, ऑपरेशन करून सबंध ग्रंथी काढणे. दोन, किरणोपचार, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. यात ग्रंथी जागेवरच राहते. तीन, पुरुषी हार्मोन कमी करणे. त्यासाठी इंजेक्शने देतात किंवा लहानसे ऑपरेशन करून अंडग्रंथी काढतात. या हार्मोनवर प्रोस्टेटचा कॅन्सर पोसला जातो, हे अमेरिकेतील शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याला यांपैकी कोणता उपचार झाला आहे, हे प्रत्येकाने नक्की माहीत करून घेतले पाहिजे. पुढे जो आकडा सांगणार आहोत, त्याचा अर्थ उपचाराप्रमाणे बदलतो.

(२) धास्ती का येते

पहिली गोष्ट म्हणजे, ही धास्ती येणे हा भित्रेपणा नाही आणि वेडेपणाही नाही. "एवढा पैलवान गडी, आणि घाबरतो काय?" असे पारावर बोलणाऱ्यांनी जरा जपून बोलावे. जगभरच्या डॉक्टरांनी या भीतीचा वेगळा अभ्यास केला आहे. प्रोस्टेटच्या रुग्णांची काळजी मोजण्यासाठी २००३ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्ततपासणीच्या आकड्याच्या भीतीसाठी वेगळे प्रश्न आहेत, आणि आजार परत येण्याच्या भीतीसाठी वेगळे. म्हणजे ही गोष्ट अनेकांना होते, म्हणूनच तिची मोजमापे निघाली.

धास्ती कोणत्या वेळी जोर करते, हेही पाहून ठेवावे. तपासणीची तारीख जवळ आली की ती वाढते. भावकीत कुणी कॅन्सरने गेले की वाढते. कंबर दुखली की वाढते. समाचाराला आलेला पाहुणा "अमक्याचा तीन वर्षांनी उलटला बघा" म्हणून सांगून जातो, तेव्हा वाढते. आणखी एक वेळ अशी की, तिचा आपल्याला अंदाज नसतो. ती म्हणजे उपचार संपण्याची वेळ. उपचार चालू असताना रोज दवाखाना, रोज डॉक्टर, आपल्यासाठी काहीतरी चालले आहे हा धीर असतो. उपचार संपले, घरी आलो, की आता राखण कोण करणार, असे वाटू लागते.

आपल्या रानातली हरळी आठवा. नांगरट केली, काश्या वेचल्या, उन्हात टाकल्या, तरी मातीत एखादी काशी राहिली नसेलच असे छातीठोक कोण सांगेल? म्हणून आपण पेरणी थांबवतो का? नाही. पीक घेतो आणि ठरावीक दिवसांनी रान फिरून पाहतो. कोंब दिसला तर लहान असतानाच काढतो. रोज उठून मातीच उकरत बसलो तर उसाची मुळे तुटतील. वर्षभर फिरकलोच नाही तर हरळी माजेल. आजारात फरक इतकाच की, इथला कोंब डोळ्यांना दिसत नाही. तो रक्ताच्या तपासणीत दिसतो.

(३) पी.एस.ए.चा आकडा वाचायला शिका

पी.एस.ए. हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले एक प्रथिन आहे. ते चांगल्या पेशीही तयार करतात आणि कॅन्सरच्या पेशीही. रक्तात ते एका मिलिलिटरमागे किती नॅनोग्रॅम आहे, हे मोजतात. उपचारानंतर राखण करायला ही तपासणी फार उपयोगी आहे. मात्र आकडा वाचताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(अ) ऑपरेशन झाले असेल तर : ग्रंथीच काढलेली असल्यामुळे साधारण सहा ते आठ आठवड्यांत आकडा जवळपास शून्यावर, म्हणजे ०.१ च्या खाली, यायला हवा. पुढे कधी तो ०.२ किंवा त्याहून वर गेला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर डॉक्टर त्याला आजार परत डोके काढत असल्याची खूण समजतात. एकदाच वाढलेल्या आकड्यावर निकाल देत नाहीत.

(आ) शेक दिला असेल तर : ग्रंथी शरीरातच असते, म्हणून आकडा शून्य होत नाही. तो सावकाश उतरतो आणि तळाला जायला दीड-दोन वर्षे किंवा त्याहून जास्तही लागतात. आपला सर्वांत कमी आलेला आकडा लिहून ठेवावा. त्यात २ मिळवले म्हणजे सावध होण्याची पातळी येते. उदाहरणार्थ, सर्वांत कमी आकडा ०.५ असेल तर पातळी २.५ होते. शेकानंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत काहींचा आकडा मध्येच थोडा वर जातो आणि आपोआप पुन्हा खाली येतो. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण उगीच हबकतात.

(इ) हार्मोनचे उपचार असतील तर : इंजेक्शन चालू असेपर्यंत आकडा दबलेला राहतो. ते बंद झाल्यावर पुरुषी हार्मोन परत येऊ लागते, त्याबरोबर आकडाही थोडा हलू शकतो. याचा अर्थ डॉक्टरांनाच विचारावा.

(ई) छापील रिपोर्टवर "० ते ४ नॉर्मल" असे लिहिलेले असते. ही मर्यादा आजार नसलेल्या माणसासाठी आहे. ऑपरेशन झालेल्या सभासदाचा आकडा ०.६ आला आणि रिपोर्टवर "नॉर्मल" छापले आहे म्हणून तो निर्धास्त घरी बसला, तर ते चुकीचे होईल. तोच ०.६ शेक घेतलेल्या माणसाला बहुधा समाधानाचा असतो. म्हणून रिपोर्ट कंपाउंडरकडून, मेडिकलच्या दुकानातून किंवा मोबाईलवर पाहून लावू नये. आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

(उ) तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. निरनिराळ्या ठिकाणची यंत्रे आणि रसायने निराळी असल्याने आकड्यात थोडा फरक पडतो. ०.०३ चा ०.०४ झाला म्हणून झोप उडवून घेण्याचे कारण नाही. ज्यांची ग्रंथी शरीरात आहे, त्यांचा आकडा लघवीच्या जंतुसंसर्गानेही वाढू शकतो. लघवीला जळजळ असेल तर रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे.

ब्रिक्स पाहण्याची आपली पद्धत सर्वांना माहीत आहे. एका उसाच्या एका कांडीवरून आपण फडाची पक्वता ठरवत नाही. बुडख्याचा ब्रिक्स वेगळा, शेंड्याचा वेगळा, पाणी दिल्यावर वेगळा. चार ठिकाणचे ऊस घेतो, पंधरा दिवसांनी पुन्हा पाहतो आणि कल कुठे आहे ते ठरवतो. पी.एस.ए.चेही तसेच आहे. एका आकड्यापेक्षा आकड्यांच्या ओळीकडे पाहावे.

(४) आणि आकडा खरोखरच वाढला तर?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण सगळी भीती इथेच साठलेली असते. काहींचा आजार परत येतो, ही गोष्ट खरी आहे. पण "आकडा वाढला" आणि "आता संपले" यांत फार मोठे अंतर आहे.

अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑपरेशन झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांवर त्यांनी वर्षानुवर्षे लक्ष ठेवले होते. शंभरात साधारण पंधरा जणांचा पी.एस.ए. पुढे वाढला. ज्यांचा वाढला, त्यांच्यातही आजार हाडांत किंवा अन्यत्र गेल्याचे दिसायला मधल्या हिशेबाने ८ वर्षे लागली. मधला हिशेब म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त. आणि हे आकडे लवकर हार्मोनचे उपचार न देताचे आहेत. त्यानंतर औषधे वाढली, तपासण्या सुधारल्या. आता पी.एस.एम.ए. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत आजाराचे लहान ठिपकेही सापडू शकतात. प्रत्येकाचा आजार सारखा नसतो. कुणाचा आकडा सावकाश चढतो, कुणाचा झपाट्याने, आणि डॉक्टर त्यावरून पुढचे ठरवतात.

आता दीड वर्ष तपासणी टाळणाऱ्या सभासदांची गोष्ट पुन्हा घेऊ. ऑपरेशननंतर आकडा वाढू लागला, तर त्या जागेवर शेक देऊन आजार पुन्हा काबूत आणण्याची, पुष्कळदा बरा करण्याचीही, संधी असते. हा शेक आकडा लहान असताना, शक्यतो ०.५ च्या आत असताना दिला तर जास्त गुण येतो. म्हणजे लवकर कळण्यात फायदा आहे. तपासणी केल्याने आजार येत नाही, असलेला कळतो. न तपासणाऱ्याच्या हातून जाते ती हीच संधी. त्या सभासदांना आम्ही एवढेच म्हणालो, "आबा, चाबूक काणीचं बेट दिसू नये म्हणून फडात जायचंच नाही, असं करता का तुम्ही?" पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन ते रक्त देऊन आले.

(५) काळजीला तारीख कशी लावावी

१. तपासणीचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. सामान्यतः पहिल्या वर्षी काही महिन्यांच्या अंतराने, पुढे दर सहा महिन्यांनी आणि काही वर्षांनी वर्षातून एकदा तपासणी असते. आपले अंतर डॉक्टर ठरवतील. ते कॅलेंडरवर लिहावे. ठरलेल्या तारखेआधी मनाच्या समाधानासाठी दर महिन्याला रक्त तपासू नये, आणि ठरलेली तारीख एक दिवसही पुढे ढकलू नये.

२. एक वही करावी. पाणीपट्टीच्या आणि वजनाच्या पावत्या आपण जपून ठेवतो, तशीच ही वही. तारीख, प्रयोगशाळा, आकडा, डॉक्टर काय म्हणाले, पुढची तारीख, असे पाच रकाने. पहिल्या पानावर आपला उपचार, त्याची तारीख आणि आपली सावध होण्याची पातळी. रात्री मन भरकटले की वही उघडावी. मनातला आकडा नेहमी वहीतल्या आकड्यापेक्षा मोठा असतो.

३. रक्त दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस सर्वांत जड जातात. ते रिकामे ठेवू नयेत. रिपोर्ट केव्हा मिळेल ते आधी विचारावे आणि त्या दिवसांत हाताला काम लावावे. बांध घालणे, अवजारांची दुरुस्ती, नातवाची शाळा, काहीही.

४. रोजच्या काळजीलाही वेळ द्यावा. दिवसातून एकदा, दिवेलागणीच्या आधी, पंधरा-वीस मिनिटे बसून जे जे वाटते ते वहीत लिहावे किंवा घरच्या एका माणसाशी बोलावे. इतर वेळी विचार आला तर मनाला सांगावे, "तुझी वेळ संध्याकाळची." पहिले काही दिवस मन ऐकत नाही. सवयीने ऐकू लागते. विचार ढकलून लावल्यास तो दुप्पट जोराने येतो, त्याला वेळ नेमून दिली की पुष्कळदा त्या वेळेपर्यंत तो निवतो. अंथरुणाला पाठ टेकली आणि छाती धडधडू लागली, तर चार आकडे मोजत श्वास घ्यावा आणि सहा आकडे मोजत सोडावा. दहा-बारा वेळा केल्यास शरीर शांत होते.

५. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास तरी चालावे. हार्मोनच्या इंजेक्शनांनी थकवा येतो, स्नायू आणि हाडे कमजोर होतात, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते. काहींचे मनही उगाच खचते. चालण्याने थकव्याला आणि मनाला दोन्हीला उतार पडतो. नुकतेच ऑपरेशन झालेल्यांनी जड ओझी केव्हापासून उचलावीत, हे मात्र डॉक्टरांना विचारावे. तंबाखू आणि विडी बंद करावी. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा आजार परत येण्याचे प्रमाण जास्त आढळते.

६. भीतीपोटी ऐकीव औषधांच्या मागे लागू नये. अमेरिकेत पस्तीस हजार पुरुषांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०११ साली जाहीर झाला. प्रोस्टेटचा कॅन्सर टळावा म्हणून दिलेल्या व्हिटॅमिन ई च्या गोळ्यांनी तो टळला नाही, उलट थोडा वाढलेला दिसला. साध्या दिसणाऱ्या गोळीची ही कथा, मग पुड्यांची काय सांगावी? कोणतेही जास्तीचे औषध घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.

७. पैशाची काळजी वेगळी काढून तिचा वेगळा बंदोबस्त करावा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटावे. आपल्या शेअर्सवर आणि बँकेच्या खात्यावर वारसाचे नाव लागले आहे का, तेही पाहून घ्यावे. वारसाचे नाव लावले म्हणजे मरणाला आमंत्रण दिले, असे मानण्याचे कारण नाही. हे काम तिशीच्या सभासदानेही करायचे असते. एकदा केले की मनावरचे एक ओझे उतरते.

(६) कोणते दुखणे सांगावे, कोणते सोडावे

ऊस उत्पादकाची कंबर कधी दुखली नाही असे होत नाही. दारे धरून, वाकून, मोटारसायकलवर आदळून ती दुखणारच. विश्रांतीने दोन-चार दिवसांत कमी होणारे दुखणे बहुधा नेहमीचे असते. ऑपरेशननंतर लघवी थेंब थेंब गळणे, संबंधांत अडचण येणे हे उपचाराचे परिणाम आहेत, आजार परतल्याची खूण नव्हे. त्यांवर उपाय असतात, लाज न धरता विचारावेत. शेकानंतर काहींना शौचाच्या वाटे थोडे रक्त जाते. तेही शेकामुळे असू शकते, पण डॉक्टरांना दाखवून खात्री करावी.

नवीन सुरू झालेले, एकाच जागी राहणारे, रात्री जास्त होणारे आणि दोन आठवड्यांत न थांबणारे हाडाचे दुखणे असेल, लघवीत रक्त दिसत असेल किंवा कारणाशिवाय वजन उतरत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. आणि पाठदुखीबरोबर पायांतली ताकद कमी झाली, पाय बधिर झाले किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठावा. त्यात उशीर झाल्यास पाय कायमचे जाऊ शकतात.

(७) घरच्यांसाठी चार शब्द

भगिनींनो, हा आजार पुरुषांचा असला तरी त्याची काळजी निम्मी तुमच्या वाट्याला येते. पुष्कळ घरांत मालक बोलत नाहीत म्हणून मालकीण बोलत नाही, आणि दोघे रात्री आढ्याकडे बघत जागे असतात. "काय होत नाही, गप्प बसा" असे म्हटल्याने धीर येत नाही. बोलणे मात्र बंद होते. "भीती वाटतीय का? मलापण वाटती. बुधवारी दोघं जाऊ," एवढे म्हटले तरी पुरते. तपासणीला एकट्याला पाठवू नये. दोघांचे कान असले की डॉक्टरांचे बोलणे पुरते घरी येते.

मुलांनीही वडिलांच्या हातचे काम सगळे काढून घेऊ नये. "तुम्ही आता बसा" या तीन शब्दांनी माणूस आजारापेक्षा लवकर खचतो. झेपेल ते काम आणि घरच्या व्यवहारातला सल्ला त्यांच्याकडे ठेवावा. भजनी मंडळ, पाराची बैठक, सोसायटीची मीटिंग त्यांना चुकवू देऊ नये.

(८) धास्ती हाताबाहेर गेली तर

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण नाही, कशात लक्ष नाही, सारखे रडू येते किंवा चिडचिड होते, "आपण नसलेलंच बरं" असे बोलणे निघते, तर ही साधी काळजी राहिलेली नाही. हा उपचाराने बरा होणारा आजार आहे आणि त्यासाठी डॉक्टरांची गरज आहे. आपल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाच सांगितले तरी ते योग्य ठिकाणी पाठवतील. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही फोनसेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही, पैसे न पडता, मराठीत बोलता येते. अशा घरात तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवावेत आणि किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. ही सूचना कडू वाटेल, पण ती पाळावी.

थोडक्यात सांगायचे तर, आपला उपचार कोणता ते माहीत करून घ्या. आपली पातळी वहीत लिहा. तपासणीची तारीख पाळा, तारखेआधी आकडा शोधू नका. दुखणे कोणते सांगायचे ते ओळखा. घरच्यांशी बोला.

आता राहिला लागणीचा प्रश्न. १ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान केलेली आडसाली लागण सोळा ते अठरा महिन्यांनी तोडणीला येते. सहा महिन्यांनी तपासणी असणाऱ्या सभासदाला तेवढ्या काळात तीनच तारखा पाळायच्या असतात. त्या तीन दिवशी रक्त द्यावे, डॉक्टरांना भेटावे, मनात येईल तेवढी काळजी करावी. उरलेले पाचशेहून अधिक दिवस लागणीचे, बाळबांधणीचे, मोठ्या बांधणीचे आणि पाण्याचे आहेत. ज्या सभासदांनी उपचारानंतर नोंद दिलेली नाही, त्यांनी आपल्या गट ऑफिसमध्ये किंवा चिटबॉयकडे निरोप द्यावा. आम्ही स्वतः रानावर येऊ.



ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग